पावती कुणाच्या नावाची? शत्त-अल-अरबवरचं भांडण

सप्टेंबर 1980 मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं आणि शत्त-अल-अरब नदीत साठांहून जास्त परदेशी व्यापारी जहाजं अडकून पडली. त्या भांडणाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कुणी सिमेंट उतरवायला आलेलं, कुणी यंत्रसामग्री घेऊन धक्क्याची वाट बघत नांगर टाकून बसलेलं. संयुक्त राष्ट्रांचे दूत म्हणून स्वीडनचे ओलोफ पाल्मे बगदाद-तेहरानच्या फेऱ्या मारत होते. युद्ध थांबत नसेल तर निदान ही जहाजं तरी बाहेर काढू, असा त्यांचा प्रयत्न होता. दोन्ही बाजू तत्त्वतः राजीही झाल्या. मग गाडी अडली ती वाट मोकळी करण्याच्या खर्चावर.

कुणी पैसे द्यायला तयार नव्हतं असं वाटेल, पण झालं उलटंच. इराक म्हणत होता, सगळा खर्च आमचा. इराण म्हणत होता, निम्मा आमचा. दोघंही हटले नाहीत, बोलणी फिसकटली आणि जहाजं जागच्या जागी गंजत राहिली.

आपल्याकडे हॉटेलात बिल आलं की "मी देणार, मी देणार" अशी ओढाताण होते, तसलाच हा प्रकार दिसतो. पण यात आतिथ्य कुठेच नव्हतं. नदी साफ करण्याचे सगळे पैसे ज्याने दिले, त्याची नदी. निम्मे स्वीकारले तर निम्मी नदी दुसऱ्याची, हे मान्य केल्यासारखं. शत्त-अल-अरबवरचं भांडण शतकभर याच वळणाने गेलं. रक्कम कधीच फार मोठी नव्हती. पावतीवर नाव कुणाचं, हा मुद्दा होता.

हे नीट कळायला आधी जहाज या नदीत शिरतं कसं ते बघू.

टायग्रिस आणि युफ्रेटिस अल-कुर्ना गावापाशी एकत्र येतात. तिथून समुद्रापर्यंतच्या सुमारे 200 किलोमीटरच्या प्रवाहाला अरब शत्त-अल-अरब म्हणतात, इराणी अरवंद रूद. नावावरही एकमत नाही, हे आलंच. वरचा भाग पूर्ण इराकमधला. बसरा त्याच भागात, उजव्या काठावर. खाली खुर्रमशहरला इराणमधून कारून नदी येऊन मिळते, आणि त्या परिसरापासून समुद्रापर्यंतची नदी सीमेवरची. इराणची अबादान आणि खुर्रमशहर ही दोन्ही जुनी मोठी बंदरं याच काठावर आहेत. म्हणजे बसऱ्याला जाणारं जहाज इराणच्या दारावरून जातं, आणि अबादानला जाणाऱ्या जहाजाला इराकच्या फाव गावाला वळसा घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

नदीच्या तोंडाशी गाळाचा दांडा आहे. कोकणातल्या खाड्यांच्या मुखाशी असतो तसाच, फक्त कितीतरी मोठा. तीन मोठ्या नद्यांचा गाळ तिथे येऊन बसतो. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक तिथे साधारण 3 मीटरपर्यंत जातो, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, बराच कमी. त्यामुळे भरलेलं जहाज दांड्याबाहेर नांगर टाकतं, पायलट, म्हणजे नदीची वाट माहीत असलेला वाटाड्या, घेतं आणि भरती चढली की आत शिरतं. भांगाच्या दिवसांत पाणी पुरलं नाही तर थांबायचं, नाहीतर बाहेरच थोडा माल छोट्या बोटींत उतरवून जहाज हलकं करायचं.

दुसरी मेख गोड्या पाण्याची. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025, नदीच्या पाण्याची 1.000 च्या आसपास. त्यामुळे तेच जहाज नदीत थोडं जास्त बुडतं. हिशेब सोपा आहे. जहाजाचं विस्थापन, म्हणजे मालासकट एकूण वजन, टनांत घ्यायचं आणि त्याला टीपीसीच्या चौपटीने भागायचं. टीपीसी म्हणजे जहाज 1 सेंटिमीटर खाली दाबायला लागणारे टन. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. समजा विस्थापन 16,000 टन आणि टीपीसी 20, तर 16,000 भागिले 80, म्हणजे 200 मिलिमीटर. समुद्रात 9 मीटर पाणी खाणारं जहाज वर बसऱ्याला 9.20 मीटर खाणार. शिवाय उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाजाचं बूड आणखी खाली खेचलं जातं. दांड्यावर तळाखाली अर्धा मीटर पाणी शिल्लक असताना 20 सेंटिमीटर विसरले तर जहाज गाळात रुतलंच म्हणून समजा. आणि रुतलं की मागच्या सगळ्यांची वाट बंद.

म्हणून या नदीत तीन गोष्टी फुकट मिळत नाहीत: गाळ उपसणं, बोये (वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा) आणि दिवे सांभाळणं, आणि पायलट. हा खर्च जहाजांकडून वसूल करायचा. जुन्या पद्धतीत हे शुल्क बहुधा निव्वळ टनभारावर असे. हा टन वजनाचा नसतो, जागेचा असतो: 100 घनफूट म्हणजे 1 टन. यंत्रघर, खलाशांच्या खोल्या वगैरे जागा वजा जाता मालासाठी उरते ती निव्वळ. साहजिकच जहाजमालक ती कमी दाखवायच्या युक्त्या करत. वरच्या डेकखालच्या जागेला एक ठरावीक मापाचं उघडं तोंड ठेवलं की ती जागा "बंदिस्त नाही" म्हणून मोजणीतून सुटायची. त्या तोंडाला नावच होतं टनेज ओपनिंग. माल त्या जागेतही भरत, फक्त शुल्क लागत नसे. 1969 च्या आंतरराष्ट्रीय टनभार कराराने ही पळवाट पुढे बंद केली.

आता शुल्क चुकवणाऱ्याला अडवायचं कसं? वाहत्या नदीत जकात नाका उभारता येत नाही. अडवायचा व्यवहार्य मार्ग एकच, पायलट न देणं. पायलटशिवाय दांडा ओलांडायला कुठलाच शहाणा कप्तान तयार होणार नाही, आणि झाला तरी विमा कंपनी होणार नाही. म्हणजे पायलट हाच खरा वसुली कारकून. पुढे भांडण पेटलं ते बहुतेक वेळा पायलट आणि झेंडा यांवरूनच, त्याचं कारण हे.

आता सीमारेषा. 1847 च्या एर्झुरूम तहात तुर्की साम्राज्याने (इराक तेव्हा त्याचाच भाग होता) मुहम्मरा, म्हणजे आजचं खुर्रमशहर, आणि अबादान बेट इराणला दिलं. इराणी जहाजांना नदीतून मोकळेपणाने जाता येईल, असंही लिहिलं. पाणी कुणाचं ते मात्र स्पष्ट लिहिलं नाही. तुर्कांनी अर्थ लावला की जमीन तुमची, पाणी आमचं. 1913 चा कॉन्स्टँटिनोपलचा प्रोटोकॉल, म्हणजे पूरक करार, आणि 1914 ची सीमा आखणी यांनी तोच अर्थ पक्का केला: सीमा इराणी काठाच्या ओहोटीच्या रेषेवर.

ओहोटीच्या रेषेवरची सीमा कागदावर निरुपद्रवी वाटते. धक्क्यावर उभं राहून बघा. लाकडी जेटी काठावरून निघून पाण्यात जाते, कारण जहाजाला खोल पाणी हवं. जेटीचा बुडखा इराणमध्ये, शेंडा इराकमध्ये. जहाज टेकलंय ते इराकी पाण्यात. क्रेनने उचललेली पेटी हवेत असतानाच देश बदलते. जहाजावर चोरी झाली तर पंचनामा कुणी करायचा? रोगाची साथ असेल तर ते अडवून कुणी ठेवायचं? हा घोळ तेव्हाच्या लोकांनाही दिसत होताच. म्हणून मुहम्मऱ्यासमोरच्या थोड्या लांबीत सीमा काठावरून उचलून प्रवाहात नेली. अबादानला तेव्हा नुकतीच रिफायनरी उभी राहत होती. तिच्यासाठी असा अपवाद व्हायला 1937 उजाडलं.

1914 चं आखणीचं काम ऑक्टोबरात संपलं आणि लगेच महायुद्धाने नदी गाठली. इथे आपला धागा जुळतो. मुंबईहून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली तुकडी 6 नोव्हेंबर 1914 ला फावला उतरली आणि 22 नोव्हेंबरला बसरा पडलं. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. फावला उतरलेल्या ब्रिगेडमध्ये 117 वी मराठा पलटण होती. 103 वी आणि 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री त्याच डिव्हिजनच्या इतर ब्रिगेडमध्ये. याच फौजेला पुढे इराकमध्ये तुर्कांनी घातलेला कुतचा वेढा आपल्याकडे थोडाफार माहीत असतो. पण ती फौज जगवायची तर आधी बसऱ्याला मोठी जहाजं लागणं भाग होतं, आणि तिथे धड धक्काच नव्हता. मग मार्गीलला, म्हणजे अल-माकिलला, युद्धाच्या गरजेपोटी बंदर बांधलं गेलं आणि नदीची देखभाल ब्रिटिशांच्या हाती गेली.

युद्ध संपल्यावर हेच बसरा बंदर संचालनालय झालं. 1920 च्या दशकात त्याने दांड्यातून रूका नावाची वाट उपसून काढली. तिचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं अबादानहून तेल नेणारी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी. इराकमध्ये 1932 पर्यंत आपला रुपयाच चालत होता. नंतर दिनार आला तो 13⅓ रुपयांना एक या दराने. म्हणजे नदीच्या गाळाचा हिशेबही सुरुवातीला रुपये-आणे-पैत झाला. गल्फमधून मुंबईला खजूर आणि मोती यायचे (बसरा मोती हा शब्द सराफकट्ट्यावर अजून टिकून आहे), त्या व्यापाराचं हे दुसरं टोक.

अडचण तिथेच सुरू झाली. नदी वापरणाऱ्या टनभारातला मोठा वाटा अबादानच्या टँकरांचा. त्यांचं शुल्क जाणार बसऱ्याला. गाळ बसरा उपसणार, बोये बसरा लावणार, पायलट बसऱ्याचा. रझा शाहच्या इराणला हे डाचणारच. 1934 मध्ये इराकने प्रकरण राष्ट्रसंघापुढे (तेव्हाच्या लीग ऑफ नेशन्सपुढे) नेलं. इराणची बाजू अशी, की 1847 च्या वेळी आमच्या वकिलाने अधिकार ओलांडून तहाच्या अर्थाचा तुर्कांच्या बाजूचा खुलासा मान्य केला होता आणि 1913 चा प्रोटोकॉल रीतसर मंजूरच झालेला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता, पण निकाल लागायच्या आत दोघांनी आपसांत तडजोड केली.

4 जुलै 1937 चा तेहरान तह. मला विचाराल तर नदीच्या तहांमध्ये वाचण्यासारखा हाच, कारण बिघाड नेमका कुठे होणार हे त्यात आधीच लिहिलेलं सापडतं. सीमा ओहोटीच्या रेषेवरच राहिली. अबादानसमोर साधारण 4 मैल ती थालवेगवर, म्हणजे सर्वांत खोल वाटेच्या मध्यावर नेली. चौथं कलम शुल्काचं. नदी सर्व देशांच्या व्यापारी जहाजांना सारख्या अटींवर खुली. शुल्क घ्यायचं ते दिलेल्या सेवेचा मोबदला म्हणून. तो पैसा नदीची वाट सांभाळणं, सुधारणं आणि जहाजांच्या सोयीसाठी लागणारा खर्च यांवरच खर्चायचा. थोडक्यात, शुल्क हा कर नव्हे, नफा तर नव्हेच.

इथवर ठीक. पाचव्या कलमात म्हटलंय की गाळ, पायलट, शुल्कवसुली, आरोग्य तपासणी, चोरटा व्यापार या सगळ्यांसाठी दोघे मिळून वेगळा करार करतील. सोबतच्या प्रोटोकॉलमध्ये मुदत एक वर्षाची, संमतीने वाढवता येईल अशी. तोवर काम इराकने पूर्वीसारखंच चालवायचं आणि दर सहा महिन्यांनी इराणला कळवायचं: कोणती कामं केली, शुल्क किती जमलं, खर्च किती झाला.

सहकारी सोसायटीत किंवा वाडवडिलांच्या सामाईक जमिनीत ज्यांनी वेळ घालवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. "तोवर" हा शब्द आला की समजावं, तेच कायमचं होणार. ज्याच्या हातात वसुली, त्याला नव्या कराराची घाई कशाला? इराणला संयुक्त मंडळ हवं होतं, तिथे निम्मी मतं मिळाली असती. इराक फार तर सल्लागार समितीपर्यंत यायला तयार. तो करार झालाच नाही. एक वर्षाची तात्पुरती व्यवस्था 32 वर्षं चालली. दरम्यान इराणची तक्रार वाढत गेली की पैसा नदीबाहेर खर्च होतो. त्याच बंदर संचालनालयाने 1930 च्या दशकात मार्गीलला विमानतळ आणि त्याला लागून झोकदार हॉटेलही उभारलं होतं, तेव्हा संशयाला जागा होती खरी.

1961 मध्ये इराणने पहिल्यांदा ताकद अजमावली. आमच्या बंदराच्या हद्दीत आमचेच पायलट जहाज हलवतील, असं त्याने जाहीर केलं. इराकने मग पायलट देणंच थांबवलं. काही आठवडे अबादानचा धक्का ओस पडला. टाक्या भरल्या की रिफायनरी चालवता येत नाही, तेल ठेवायचं कुठे? शेवटी इराणलाच नमतं घ्यावं लागलं.

पण धडा इराणने घेतला, आणि माझ्या मते पुढची सगळी फिरवाफिरव यातच आहे. खर्ग बेटावरून कच्चं तेल भरायची सोय 1960 मध्ये झाली होती, ती वाढवली. अबादानचा शुद्ध माल पाइपलाइनने बंदर माहशहरला नेऊन तिथून जहाजात भरायला सुरुवात झाली. दोन्ही ठिकाणं शत्त-अल-अरबच्या बाहेर. पायलट बंद करून इराणचा गळा आवळता येईल, ही सोय 1960 चं दशक संपेपर्यंत इराकच्या हातातून गेली. तहातलं एक अक्षरही बदललं नव्हतं.

एप्रिल 1969 मध्ये इराकने कळवलं: नदी आमची आहे, इराणी जहाजांनी नदीत आपला झेंडा उतरवावा, जहाजांवर इराणी नौदलाचा माणूस नको. इराणने 19 एप्रिलला 1937 चा तहच रद्द झाल्याचं सांगितलं. युक्तिवाद असा की इराकने चौथं आणि पाचवं कलम पाळलं नाही, परिस्थिती पार बदलली, तेव्हा तह मेला. इराकचं उत्तर: करार एकतर्फी मोडता येत नाही. 22 एप्रिलला इब्न सिना हे जेमतेम बाराशे टनांचं इराणी जहाज खुर्रमशहरहून निघालं. इराणी झेंडा फडकावत, इराणी पायलट घेऊन, शुल्क न भरता. सोबत युद्धनौका, वर लढाऊ विमानं. इराकने गोळी झाडली नाही. तीन दिवसांनी आर्याफार हे दुसरं जहाज तसंच गेलं. एवढ्याशा जहाजाचं शुल्क ते किती असणार! त्याच्यासाठी उडवलेल्या विमानांच्या इंधनाला त्याहून जास्त पैसे पडले असतील.

1975 ला सौदा झाला. इराकी कुर्दांच्या बंडाला इराणच्या शाहची मदत होती. ती थांबवायची आणि बदल्यात नदी वाटून घ्यायची. 6 मार्चला अल्जीअर्समध्ये ओपेकच्या बैठकीत घोषणा, 13 जूनला बगदादमध्ये तह. आता सीमा सगळीकडे थालवेगवर.

थालवेग म्हणजे "नदीचा मध्य" असं वर्तमानपत्रांत सर्रास छापतात, ते चूक आहे. दोन काठांच्या मधोमध दोरी धरली तर जी रेषा मिळेल ती वेगळी. तहासोबतच्या प्रोटोकॉलमधली व्याख्या अशी: नौकानयनाला योग्य अशी सर्वांत कमी पाणीपातळी असताना जी मुख्य वाट जहाजांना वापरता येते, तिची मधली रेषा. ती एखाद्या काठाला अगदी चिकटून जाऊ शकते. आणि ती स्थिर नसते. म्हणून पुढे लिहिलंय की वाट निसर्गतः सरकली तर सीमाही सरकेल. पण माणसाने बदल केला तर नाही; त्यासाठी दोघांचा वेगळा करार लागेल. ही अट गाळ उपसण्याच्या मुळावर येते. एका काठाजवळ कुणी ड्रेजर लावून नवी खोल वाट काढली तर जहाजं तिकडून जातील, सीमा मात्र जुन्याच वाटेवर राहील. नदीने पात्रच सोडलं तर दोन वर्षांच्या आत कुणीही एकाने मागणी केली की पाणी सामाईक खर्चाने जुन्या पात्रात परत आणायचं, असंही कलम आहे. दर दहा वर्षांनी तरी संयुक्त मोजणी करायची, तिचा खर्च निम्मा-निम्मा. 26 डिसेंबर 1975 ला नौकानयनाच्या नियमांचा स्वतंत्र करारही झाला, त्यात संयुक्त समन्वय कार्यालय आलं. 1937 चं पाचवं कलम 38 वर्षांनी का होईना, अमलात आलं.

ते पाच वर्षं टिकलं. 17 सप्टेंबर 1980 ला सद्दाम हुसेनने तह रद्द केला. 1969 मध्ये करार मोडता येत नाही म्हणणारा इराक आता म्हणत होता, समोरच्याने अटी मोडल्या म्हणून करार मेला. वकिलांनी फक्त फायली अदलाबदल केल्या. लगेच जहाजांना फर्मान सुटलं: नदीत इराकी झेंडा लावा, इराकी पायलट घ्या, शुल्क इराकला भरा. पाच दिवसांनी युद्ध.

परदेशी जहाजाच्या कप्तानाच्या जागी उभं राहून बघा. परक्या बंदरात जाताना यजमान देशाचा झेंडा लावायची रीत आहे. खुर्रमशहरला जाणाऱ्या जहाजाने इराकी झेंडा लावला तर इराण म्हणणार, तू त्यांचा दावा मान्य केलास. नाही लावला तर इराकी तोफा काठावरच आहेत. शुल्क एकाला भरलं तर दुसरा म्हणणार, आमचं कुठंय? आणि दोघांनाही भरायचं तर जादा पैसे कुणाचे, जहाजमालकाचे की भाड्याने घेणाऱ्याचे? चार्टरच्या, म्हणजे जहाज भाड्याने घेण्याच्या, कागदात बंदर शुल्क भाडेकरूकडे असतं खरं, पण "बंदर शुल्क" म्हणजे कायदेशीर शुल्क. कोणतं कायदेशीर, हाच तर वाद.

त्यातल्या एव्हिया या जहाजाचं प्रकरण लंडनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं, त्यामुळे त्याच्या तारखा आपल्याला नेमक्या माहीत आहेत. मार्च 1980 मध्ये क्यूबाहून सिमेंट भरून बसऱ्याला जायचा हुकूम मिळाला. 1 जुलैला जहाज नदीत पोचलं. धक्का मिळायला 20 ऑगस्ट उजाडला. म्हणजे 50 दिवस नुसतं थांबणं, तेव्हाच्या बसऱ्यात त्याचं कुणाला नवल वाटत नसे. माल उतरवून झाला 22 सप्टेंबरला सकाळी. त्याच दिवशी युद्ध सुरू झालं. त्यानंतर बसऱ्याहून एकही जहाज बाहेर पडलं नाही.

जहाजमालक भाड्याने घेणाऱ्याला म्हणाला, तुम्ही असुरक्षित बंदरात पाठवलंत, भरपाई द्या. 1982 मध्ये लॉर्ड्सनी सांगितलं की सुरक्षितता मोजायची ती हुकूम दिला त्या क्षणी, पुढच्या काळाचा अंदाज धरून. मार्चमध्ये बसरा सुरक्षित दिसत होतं. अचानक आलेल्या युद्धाचा दोष हुकूम देणाऱ्यावर नाही. पण भाड्याचा करार मात्र 4 ऑक्टोबर 1980 ला निष्फळ होऊन संपला. त्या दिवसापासून भाडं बंद. दुसऱ्या एका अडकलेल्या जहाजाच्या, वेनजियांगच्या, प्रकरणात लवादाने तारीख धरली 24 नोव्हेंबर. एकच नदी, एकच युद्ध, तरी तारखांत 51 दिवसांचं अंतर. रोजच्या भाड्याने गुणलं की ही रक्कम नदीच्या शुल्काच्या कितीतरी पट होते.

विम्याचं त्रांगडं निराळं. जहाज बुडालेलं नाही, जळलेलं नाही, जप्तही नाही. धक्क्याला शाबूत उभं आहे, फक्त हलता येत नाही. मग नुकसान कसलं? याच युद्धात अडकलेल्या बाम्बुरी जहाजाच्या लवादात निर्णय झाला की मालकाला जहाजाचा मुक्त वापर दीर्घकाळ करता येत नसेल तर ते हातचं गेलंच असं धरावं. पुढे 1983 च्या लंडनच्या प्रमाणित युद्धविमा कलमांत सलग 12 महिन्यांची अट छापून आली. आज कुठल्याही सामुद्रधुनीत तणाव वाढला की विमा दलाल ज्या "बारा महिन्यांच्या कलमा"बद्दल बोलतात, त्याला या नदीतल्या दाव्यांची पार्श्वभूमी आहे.

फेब्रुवारी 1986 मध्ये इराणने फाव घेतलं, एप्रिल 1988 मध्ये इराकने ते परत मिळवलं. 20 ऑगस्ट 1988 ला युद्धबंदी झाली. जिनिव्हाच्या बोलण्यांत इराकचा पहिला आग्रह काय, तर शत्त-अल-अरब साफ करा. इराणचा आग्रह, आधी 1975 च्या रेषेपर्यंत फौजा मागे घ्या. पाल्मे यांच्या वेळचाच खेळ, फक्त पाल्मे आता नव्हते; 1986 मध्ये स्टॉकहोमच्या रस्त्यावर त्यांची हत्या झाली होती. 14 ऑगस्ट 1990 ला, कुवेत गिळून बारा दिवस झाले असताना, सद्दामने इराणला पत्र लिहून 1975 च्या अटी मान्य केल्या.

तोवर नदीत बुडालेली जहाजं, सुरुंग आणि दहा वर्षांचा न उपसलेला गाळ साचला होता. मोठ्या मालासाठी इराकने उम्म कसर बंदर धरलं, तिकडची खोर अब्दुल्लाची खाडी वेगळी आणि तिचा कुवेतशी वाद वेगळा. खुर्रमशहरला पुन्हा पूर्वीचं वैभव आलं नाही. मार्च 2019 मध्ये इराणचे राष्ट्राध्यक्ष रूहानी बगदादला गेले तेव्हाच्या संयुक्त निवेदनात 1975 चा तह अमलात आणण्याचा आणि शत्त-अल-अरबमधला गाळ काढण्याचा पुन्हा उल्लेख आला. गाळ काढण्याआधी थालवेग आज कुठे आहे ते मोजावं लागणार. तहाच्या हिशेबाने पहिली दहावार्षिक मोजणी 1985 ला व्हायला हवी होती, निम्म्या-निम्म्या खर्चाने.